दूर म्हणजे कुठून

उत्तर डाकोटातल्या विंजे गावात कर भरणारा प्रत्येक माणूस वर्षातून एकदा कॉनी वोलबाखच्या खुर्चीत बसायचा. ती लोकांचे कराचे कागद भरून द्यायची; तिचं ऑफिस म्हणजे पूर्वीचं केस कापायचं दुकान. भिंतीवरचे आरसे तिने काढले नव्हते आणि वर-खाली होणारी खुर्चीही तीच ठेवली होती. त्यामुळे आपली कमाई सांगताना माणसाला समोर आपलंच तोंड बघावं लागे. कॉनी म्हणायची, त्याने लोक जरा कमी खोटं बोलतात.

मार्चमधल्या एका सकाळी आर्विड स्टेनस्रूड त्या खुर्चीत बसला होता. बाहेर रस्त्याकडेचा बर्फ काळा पडून वितळायला लागला होता.

"आर्विड, तुमचं घर कुठे आहे?" कॉनीने विचारलं.

"हे काय विचारणं झालं? बहिणीकडे, बोर्गहिल्डच्या माडीवर. नाताळात तूच जिन्यापर्यंत केक आणून दिलास."

"मी नाही विचारत. सरकार विचारतंय."

आर्विड ऑर्गन लावायचा. चर्चमधले मोठे ऑर्गन, भिंतभर उंच नळ्यांचे. भात्यातला वारा त्या नळ्यांत शिरला की अख्ख्या इमारतीने छाती भरून श्वास घेतल्यासारखं वाटतं. थंडीने आणि उन्हाने नळ्यांचे सूर चढतात, उतरतात, आणि कोणीतरी येऊन एकेक नळी पुन्हा जागेवर आणावी लागते. उत्तर डाकोटात आणि पलीकडे मॉन्टानाच्या कडेपर्यंत हे काम करणारा आता तो एकटाच उरला होता. तो कोणाचा नोकर नव्हता. एकेक चर्च बोलवायचं, कामाचं देणं द्यायचं आणि त्याची जुनी व्हॅन पुढच्या गावाच्या रस्त्याला लागायची. मोटेलचं भाडं, पेट्रोल, रस्त्यातलं जेवण हे सगळं धंद्याचा खर्च म्हणून कमाईतून वजा व्हायचं आणि उरेल त्यावर कर बसायचा. आजवर त्यावर कोणी ब्र काढला नव्हता. आता कर खात्याला शंका आली होती. ईस्टरनंतर त्यांची एक बाई येऊन चौकशी करणार होती.

"नियम असा आहे," कॉनी म्हणाली. "घरापासून दूर असताना झालेला खर्च वजा करता येतो. आता दूर म्हणजे कुठून दूर? आधी घर दाखवावं लागतं. ज्याला एक ठिकाण नाही, जो नुसता फिरतच असतो, त्याच्याबद्दल नियम म्हणतो की तो जिथे काम करेल तिथेच त्याचं घर. म्हणजे तो घर सोडून कधी जातच नाही. आणि घर सोडलंच नाही, तर प्रवास कसला न् प्रवासखर्च कसला?"

आर्विड मोठ्याने हसला. मग त्याचं हसू हळूहळू विरलं. आरशातला म्हातारा त्याच्याकडे तोंड उघडं टाकून बघत होता.

"परत सांग."

कॉनीने परत सांगितलं.

"म्हणजे मी बोमनला असलो की बोमन माझं घर. प्लेंटीवूडला असलो की प्लेंटीवूड. सगळं माळरानच माझं घर?"

"नियमाच्या भाषेत, हो."

"कोणी लिहिलं गं हे?"

"मला काय ठाऊक? वॉशिंग्टनमधल्या कुठल्यातरी वकिलाने."

"मोठा माणूस असणार. आमच्या पास्टरला इतक्या वर्षांत असं काही सुचलं नाही."

"आर्विड, कौतुक पुरे. तुमच्या गळ्याशी आलंय हे." तिने कागद त्याच्याकडे फिरवला आणि तळाशी बोट ठेवलं. "घर सिद्ध झालं नाही, तर मागचा सगळा प्रवासखर्च नामंजूर. वरचा कर, व्याज, दंड. इतकं."

आर्विडने बोटाखालचा आकडा बघितला, मग खिडकीबाहेर उभी असलेली व्हॅन.

"व्हॅन विकावी लागेल."

"व्हॅन आणि हत्यारं, दोन्ही."

म्हणजे काम संपलं. आणि काम संपलं की माळावरचे ते सगळे ऑर्गन एकेक करून बेसूर होत गप्प बसणार. ते आर्विडला कोणी सांगायची गरज नव्हती.

कॉनीने खुर्ची जरा खाली घेतली. समजूत घालायची असली की ती तसं करायची. "घर आहे की नाही, हे तीन गोष्टींवरून बघतात. एक, तिथे राहून तुम्ही त्या भागात धंदा करता का? तुम्ही आपल्या चर्चचा ऑर्गन लावता ना?"

"म्हणजे काय! वसंतात आणि नाताळाआधी. चुकलो नाही कधी."

"छान! बिल किती लावता?"

"बिल?" आर्विडला प्रश्नच समजला नाही. "आपल्या चर्चला? त्या ऑर्गनच्या नळ्या माझ्या बापाने रेल्वेच्या डब्यातून खांद्यावर उतरवून आणल्यात. त्याचे पैसे घेऊ?"

कॉनीने डोळे मिटले. "म्हणजे तो धंदा नाही. बरं, दुसरी. तुम्ही बाहेर मोटेलचं भाडं भरत असता तेव्हा इथल्या घराचाही खर्च तुमच्या खिशातून चालू असतो का? बोर्गहिल्डला काय देता?"

"ती घेत नाही."

"काहीच नाही?"

"एकदा मी टेबलावर ठेवले होते. दुसऱ्या दिवशी बूट घातला तर आत नोटा."

"तिसरी गोष्ट, तुम्ही तिथे परत येता आणि तुमचं माणूस तिथे राहतं. तेवढी एक आहे. एकीने भागत नाही, आर्विड. निदान दोन लागतात." "तुम्ही गावाकडून पैसे घेतले नाहीत आणि बहिणीने तुमच्याकडून घेतले नाहीत, म्हणून सरकारच्या लेखी तुम्हाला घर नाही."

खुर्चीतून उठताना आर्विडने तो आकडा पुन्हा एकदा बघितला. पण भीतीपेक्षा त्याला नवल जास्त वाटत होतं. साठी उलटून गेलेल्या माणसाला आपलं घर कुठे आहे हे इतकं खोलात जाऊन आजवर कोणी विचारलं नव्हतं.

बोर्गहिल्ड त्याच्याहून मोठी होती, टोर्गेरची विधवा होती आणि चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरावर तिचं राज्य होतं. आर्विडची बायको लोरीन आजारी पडली तेव्हा इलाजापायी त्याचं घर विकलं गेलं. ती गेल्यावर बोर्गहिल्डने त्याचं सामान स्वतः माडीवर चढवलं होतं. त्याला विचारलंसुद्धा नव्हतं.

तिने सगळं ऐकून घेतलं, त्याच्या पुढ्यात लेफ्से, बटाट्याची पातळ पोळी, लोणी लावून ठेवली आणि म्हणाली, "सोपं आहे. मी सांगते, तू भाडं देतोस."

"तू? खोटं बोलणार?"

"सरकारशी बोललेलं धरत नाहीत."

"बोर्गहिल्ड, तू खोटं बोललीस की तुझे कान लाल होतात. आईला लांबून दिसायचे."

"मी टोपी घालीन."

"घरात?"

"माझं घर आहे. मी आंघोळीला टोपी घालीन, तुला काय करायचंय?" तिने किटली आदळली. "मी कोणाचं खाल्लेलं नाही आणि कोणाला भाडं लावलेलं नाही. माझं घर माझ्या हिमतीवर चालतं. गॅससुद्धा मला निम्म्या भावात पडतो, माहीत आहे ना? माझा टोर्गेर शेतकऱ्यांच्या सोसायटीचा पहिल्या फळीतला सभासद. अजून मान ठेवतात त्याचा."

आर्विडने लेफ्सेची गुंडाळी तोंडात कोंबली, बोलावं लागू नये म्हणून.

सोसायटी कोणाला निम्म्या भावात गॅस देत नव्हती. घर गरम ठेवणाऱ्या गॅसची अंगणातली मोठी टाकी भरायला सोसायटीचा ऑरिन गाडी घेऊन यायचा, तेव्हा निम्मे पैसे बोर्गहिल्ड द्यायची आणि निम्मे आर्विड आधीच सोसायटीत भरून आलेला असायचा. लोरीन गेली त्या हिवाळ्यापासून हे चालू होतं. ऑरिनला त्याने शपथ घातली होती. कारण बोर्गहिल्डचा स्वभाव त्याला ठाऊक होता. टोर्गेर वारला तेव्हा चर्चच्या बायकांनी तिच्या दारात धान्याची टोपली ठेवली होती. ती टोपली उचलून ती बर्फातून चालत गेली आणि परत देऊन आली. त्यातल्या एका बाईशी ती अजून बोलत नव्हती. आपल्या टाकीत भावाचा गॅस आहे हे तिला कळलं, तर माडीवरचं सामान खाली यायला वेळ लागणार नव्हता.

या गॅसला घरखर्च म्हणतात, हे त्या दिवशीही आर्विडच्या डोक्यात आलं नाही. त्याच्या लेखी ती नुसती एक लबाडी होती.

ते डोक्यात आलं ते फार लांब, मॉन्टानाच्या हद्दीजवळ. तिथे एका माळावर एकटंच चर्च उभं होतं. गाव उठून गेलं होतं, शाळा नव्हती, दुकान नव्हतं. पाच-सहा कुटुंबं लांबून गाड्या घेऊन यायची आणि ऑर्गन मात्र त्यांनी जपला होता. ईस्टर तोंडावर आला होता. आर्विड नळ्यांच्या कोठडीत शिरला. खाली ऑर्गनच्या पट्ट्यांपुढे वेंडेलिन नावाचा गुरंवाला बसला होता. हे काम दोघांचं असतं: एकाने बाहेर पट्टी दाबून धरायची, दुसऱ्याने आत नळी लावायची. पूर्वी पट्टी लोरीन धरायची. आता जिथे जाईल तिथलं जे मिळेल ते माणूस.

"पुढची!" आर्विड ओरडला.

"ही?"

"ती काळी आहे. पांढरी!"

"माझं बोट दोन पट्ट्यांएवढं आहे, मी काय करू? गाईला विचारा, ती तक्रार करत नाही."

"गाय सुरात असते!"

मग सूर आला. आर्विडने एक नळी बोलती ठेवली आणि तिच्या शेजारची लावायला घेतली. दोन सूर जवळजवळ एक झाले की त्यांच्यामध्ये एक थरथर उठते, तळ्यावर तरंग जावेत तशी. सूर जवळ आणावा तशी ती थरथर सावकाश होत जाते. आर्विड नळीच्या तोंडाला हलके टिचक्या देत होता. तरंग लांबत गेले, अजून लांबले, आणि थांबले. कोठडी, चर्च, बाहेरचं माळरान, सगळं एका जागी उभं राहिलं. इतकी वर्षं हे काम करून या क्षणी त्याच्या अंगावर अजून काटा यायचा.

आणि नेमकं तेव्हा त्याला कॉनीचा प्रश्न आठवला. दूर म्हणजे कुठून दूर?

एकट्या नळीला बेसूर म्हणता येत नाही. ती जे वाजते ते वाजते. दुसरी एक नळी आपल्या जागी स्थिर धरली, तरच पहिली किती सरकली ते ऐकू येतं. माणसाचंही तसंच असेल, तर वॉशिंग्टनमधल्या त्या माणसाला हे कसं कळलं? त्याने ऑर्गन लावला होता का कधी? आर्विड त्या अंधारात उभा राहिला. कथलाचा आणि जुन्या लाकडाचा वास येत होता. आपली स्थिर नळी कुठली, हे त्याने पहिल्यांदा स्वतःला विचारलं. त्याला विंजेच्या अंगणातली ती पांढरी लांबट टाकी दिसली. तो कुठेही असो, बोमनला, प्लेंटीवूडला, मोटेलच्या गार गादीवर, त्या टाकीतला गॅस जळत असायचा आणि माडीवरची खोली ऊबदार असायची. त्या उबेच्या बदल्यात त्याने कधी काही मागितलं नव्हतं. नुसती ती चालू ठेवली होती.

"सोडू का?" खालून वेंडेलिन ओरडला. "बोट बधिर झालं!"

"सोड," आर्विड म्हणाला. सूर गेला तरी चर्चच्या लाकडात तो थोडा वेळ राहिला.

आता त्याला कळलं होतं की दुसरी गोष्ट त्याच्याकडे आहे. आणि ती सांगितली, तर सरकारच्या लेखी घर मिळेल आणि बोर्गहिल्डचं जाईल. परतीच्या रस्त्यात त्याने रेडिओ लावला नाही.

चौकशीची बाई आली ती एप्रिलच्या शेवटी. रमोना फेट्झर तिचं नाव. दारात तिने बूट स्वतःहून काढले, तिथेच बोर्गहिल्डने तिला अर्धे गुण दिले. कॉनी आधीच येऊन बसली होती. बोर्गहिल्डने खरोखर टोपी घातली होती, लोकरीची, कानांवर ओढलेली.

"केक घ्या. रूबार्बचा आहे."

"आभारी आहे, पण मला घेता येत नाही. नियम आहे."

"कॉफी?"

"पाणी चालेल."

"बघा, पाण्याची लाच चालते," बोर्गहिल्ड म्हणाली आणि ग्लास ठेवला.

फेट्झरबाई हसल्या, पण केकला शिवल्या नाहीत. त्यांचे प्रश्न साधे आणि नेमके होते. कुठे जाता, किती दिवस, कुठे उतरता. गावातल्या चर्चचा विषय निघाला. आर्विडने खरं ते सांगितलं: लावतो, पैसे घेत नाही.

"मग तो धंदा धरता येत नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरंच वाईट वाटल्यासारखं होतं. "आणि इथे राहण्याचं काही देता?"

"भाडं देतो," बोर्गहिल्ड म्हणाली. "दर महिन्याला. अगदी वेळेवर."

"किती?"

बोर्गहिल्डने टोपी आणखी खाली ओढली. खोली गरम होती. टोपीच्या खालून लाली तिच्या गालांवर उतरायला लागली होती. सगळं आयुष्य जिने खोटं बोलायला नकार दिला, ती बाई त्याच्यासाठी आकडा शोधत होती. आर्विडला ते बघवेना.

"भाडं देत नाही मी," तो म्हणाला.

"आर्विड!"

"मी गॅस देतो."

"कसला गॅस?"

"अंगणातल्या टाकीतला. निम्मा."

"निम्मा तर सोसायटी..." बोर्गहिल्ड बोलता बोलता थांबली.

तेवढ्यात घराखालच्या तळघरातली गॅसची भट्टी धप् करून पेटली. जमिनीतल्या जाळीतून ऊन हवा वर आली आणि टेबलावरच्या रुमालाचं टोक हललं. चौघंही तो आवाज ऐकत राहिली. घरभर, वरच्या माडीपर्यंत, ती ऊब चढताना जणू ऐकू येत होती.

फेट्झरबाईंनी पेन हातात धरूनच विचारलं, "तुम्ही बाहेर मोटेलात असताना इथला गॅस तुमच्या पैशांनी जळत होता?"

"मी असो नसो, थंडी असतेच."

"कोण सांगेल हे?"

"ऑरिनला विचारा. गप्प राहून राहून त्याचं पोट फुगलंय."

कॉनीने तोंडावर हात ठेवला होता. तिला ओरडायचं होतं की काय कोण जाणे.

आर्विडला राहवलं नाही. "बाई, तुम्हाला एक विचारू? हा घराचा नियम लिहिला कोणी?"

फेट्झरबाईंनी चष्मा काढला. हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. "एका माणसाने नाही लिहिला. लोक कोर्टात जात राहिले. फिरते विक्रेते, सर्कशीतली माणसं, नट, बांधकामावरचे मजूर. प्रत्येकजण उभा राहून म्हणायचा, माझं घर अमुक ठिकाणी आहे. आणि न्यायाधीश एकेकाला विचारायचे, कशावरून? असं होत होत नियम घडला."

आर्विडच्या डोळ्यांपुढे ती रांग उभी राहिली. धुळीच्या बुटांची, हातात टोपी घेतलेली माणसं, एकामागे एक, पिढ्यांमागून पिढ्या, आपलं घर आहे हे सांगायला उंच टेबलापुढे उभी. आणि त्या रांगेच्या शेवटी, बहिणीच्या स्वयंपाकघरात, तो. त्याने नकळत मांडीवरची आपली टोपी दोन्ही हातांत घेतली.

फेट्झरबाईंना खोली बघायची होती. त्या वर गेल्या आणि बराच वेळ खाली आल्या नाहीत. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. पलंग होता, लोरीनचा फोटो होता, खिडकीत ऑर्गनची एक बोटभर नळी होती आणि बोर्गहिल्डने घडी करून ठेवलेले त्याचे लोकरी मोजे होते.

"तीनपैकी दोन गोष्टी आहेत, धंद्याची नाही," खाली येऊन त्या म्हणाल्या. "अशा वेळी सगळं मिळून काय दिसतं त्यावर ठरतं. लोकांच्या घरी जेवलात त्या दिवसांचा जेवणखर्च मी कापणार आहे, तो लावायला नको होता. बाकीचं राहील. सोसायटीत विचारून घेईन. पण इथे तुमचं घर आहे, मिस्टर स्टेनस्रूड. मी तसं लिहीन."

त्या गेल्या. कॉनी पण, केकचा मोठा तुकडा घेऊन, घाईने गेली.

बोर्गहिल्डने टोपी काढली. कान अजून लाल होते.

"कधीपासून?"

"लोरीन गेली तेव्हापासून."

"आणि मी चर्चच्या सगळ्या तळघराला सांगत सुटले की सोसायटी माझ्या टोर्गेरचा मान राखते."

"हो."

"कोणाकोणाला ठाऊक होतं?"

"फक्त ऑरिनला. आणि त्याच्या बायकोला."

"म्हणजे सगळ्यांना."

आर्विड जिन्याकडे बघत राहिला. सामान काही फार नव्हतं, एका फेरीत व्हॅनमध्ये गेलं असतं.

बोर्गहिल्डने केकवर झाकण ठेवलं, ग्लास विसळला, पुसला. पुन्हा पुसला. "त्या बाईसमोर तू मला खोटं ठरवलंस."

"तुझे कान आधीच ठरवत होते."

ती हसली नाही. खिडकीपाशी जाऊन टाकीकडे बघत उभी राहिली, पहिल्यांदाच बघत असल्यासारखी. मग पाठमोरीच म्हणाली, "उद्या आपल्या चर्चचा ऑर्गन लावायचाय ना? पट्टी कोण धरणार?"

"पास्टर म्हणाले होते."

"पास्टरला डावं-उजवं कळत नाही. मी धरते. आणि या वेळी चर्चकडून पैसे घ्यायचे."

"बोर्गहिल्ड, मी..."

"घ्यायचे म्हटलं ना! पुढल्या वर्षी ती बाई परत आली तर? घे आणि दानपेटीत टाक. पण घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऑर्गनच्या बाकावर पाठ ताठ करून बसली, हातात पर्स धरून. ऑर्गनचा आवाज तिला कधी आवडायचा नाही, पोटात घुसतो म्हणायची. आर्विड बापाने उतरवून आणलेल्या त्या नळ्यांमध्ये शिरला. आत अंधार होता आणि वाऱ्याची हलकी सळसळ.

"मधली पांढरी!" तो ओरडला.

तिने बरोबर तीच दाबली. नळी बोलली. तिच्या शेजारची थरथरत होती, तरंग जवळजवळ, घाईघाईचे. आर्विडने टिचकी दिली. तरंग लांबले. अजून एक टिचकी. ते इतके सावकाश झाले की पुढचा येईल की नाही कळेना. आणि मग आला नाही.

बाहेर बोर्गहिल्डलाही ते ऐकू आलं असावं. तिचा आवाज आला तेव्हा त्यात नेहमीचा करडेपणा नव्हता. "आर्विड? हे काय झालं?"

"थांबलं."

"मग सोडू?"

त्याने कोठडीच्या भिंतीला हात लावला. भिंत सुराने भरली होती.

"थोडं धर," तो म्हणाला.